न मोजलेली

सोमवार ते शुक्रवार मी साबण लावत नाही.
तेल नाही, पावडर नाही,
कांदा चिरायचा तो शनिवारी.
एकोणीस वर्षं झाली या नोकरीला.
नवरा म्हणतो, डोरसिला, अंधारात
तू घरात आहेस की नाहीस, कळतच नाही.

सरोवराच्या काठी, म्बिटाला, प्रयोगशाळेत
माझं काम एवढंच:
वाय अक्षरासारखी काचेची नळी,
एका फाट्यातून अळीनं पोखरलेल्या मक्याची हवा,
दुसऱ्यातून धडधाकट मक्याची.
बुडाशी सोडायची एक गांधीलमाशी
(गांधीलमाशी म्हणायचं आपलं, आहे तिळाएवढी)
आणि पाच मिनिटं बघत राहायचं
कुठं वळते.

मक्याला तोंड नाही.
खोडात अळी शिरली की पानांतून काहीतरी सुटतं,
आपल्या नाकाला न पोचणारं,
आणि शेताच्या त्या टोकाहून
ही मिशा परजत येते.
मदतीला नव्हे हं.
तिला अळी हवी असते, जिवंत,
आत अंडी ठेवायला.
अळी त्यानंतरही खात राहते, फुगते,
मग एक दिवस तिची कातडी फाडून
तीस-चाळीस पोरं बाहेर येतात
आणि तिच्याच अंगावर पांढरे कोश विणायला बसतात.
मका वाचला तर असा वाचतो,
दुसऱ्याच कुणाच्या बाळंतपणात.

मक्याच्या ओळींमध्ये आम्ही एक गवत लावतो,
चिकट, काकवीच्या वासाचं.
त्याला कुणी कुरतडलेलं नसतं
तरी ते सदोदित
जखमी मक्याच्या भाषेत बोलतं.
माश्या येतात.
मला आठवते आमच्या गावची पेरेस मावशी.
कुणाच्याही मयताला जायची, नात्यातलं असो नसो.
फाटकाच्या कितीतरी आधीच हंबरडा,
आणि तो ऐकून टेकडीपलीकडची माणसं
हातातलं टाकून निघत.
खोटं होतं का ते रडणं?
मी सासूला विचारलं होतं एकदा.
नेरेया म्हणाली, माणसं जमली ना?
मग झालं.

नेरेया गेली ती ऑगस्टात.
चार रात्री अंगणात ओंडके जळत होते.
वाळत घातलेली ओमेना मासळी
कुणी उचललीच नाही.
पेरेस मावशी आता नाही, तरी माणसं आली,
कशी कोण जाणे.
पाचव्या दिवशी मी नळीसमोर बसले.
अंग धुतलं होतं, साध्या पाण्यानं, तीनदा.
धूर केसांतच होता.

बारा नंबरची माशी फाट्यापर्यंत आली.
थांबली.
तिला सोडताना माझं बोट काचेला लागलं असणार.
पुढच्या पायांनी मिशा पुसत राहिली,
चष्मा पुसावा तशी,
पुन्हा, पुन्हा.
डावीकडे नाही. उजवीकडे नाही.
मग उलटी फिरली
आणि चालत आली
माझ्या बाजूच्या तोंडाशी.

वहीत अशांसाठी रकाना आहे.
'निवड नाही. गणतीत धरू नये.'
लिहिलं तसं. वेळ टाकली, सही केली.
नळी स्पिरिटनं धुतली, भट्टीत ठेवली.
उरलेल्या आठ जणींना मधाचं पाणी दिलं
आणि झाकणं लावली.

संध्याकाळी घरी पोचले तर वीज गेलेली.
मी चपला काढायच्या आत
नवरा आतूनच म्हणाला,
आलीस?