सात दिन, मंग बंद

अडावदच्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगांपलीकडे,
गोणपाटाच्या तुकड्यावर ती मुळ्या मांडते.
नाव विचारलं तर रेमली पावरा.
गाव विचारलं तर हनुवटीनं सातपुडा दाखवते.

मी चोपड्यात औषधाचं दुकान चालवते, एकोणीस वर्षं.
गोळ्यांच्या खोक्यातलं ते घडीचं पत्रक,
मोहरीएवढी अक्षरं, कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये,
गिऱ्हाईक त्यात सुटे पैसे गुंडाळून नेतं.
मीही कुठं वाचते सगळं.

त्या चैत्रात पारा सेहेचाळीसवर,
तळपाय भट्टीतून काढलेल्या विटा.
उपळसरीचा चहा घे, थंड असतो, कुणीतरी म्हणालं.
मी बाजारात जाऊन म्हटलं, द्या पावशेर.

रेमलीनं तराजूला हात लावला नाही.
"कोणले पाहिजे?"
मला.
"दवाखानानी गोयी चालू शे का?"
आहे. रक्तदाबाची. सकाळी एक.
"पोटमा पोर?"
या वयात? मी हसले. ती हसली नाही.
"डागदरले इचारी ये पहिले."
अहो, मी स्वतःच मेडिकलवाली.
"मंग तर तुले कयाले पाहिजे व्हतं."

कान तापले. रिकामी पिशवी घेऊन परतले.
पुढच्या बाजाराला विचारून गेले,
तेव्हा तिनं मोजून बोटभर लांबीच्या सात मुळ्या दिल्या
आणि एक मोडून माझ्या नाकाशी धरली.
कापराची लहान बहीण असावी तसा वास,
थोडा बदामाचा, थोडा पेटीतल्या जुन्या साडीचा.
"वास नही त्या मुयीले हात लावू नको.
दुसरा येल बी असाच दिसस."
मग तोंडी पत्रक, एका दमात:
"एक बोट, दोन कप पानी, अर्धं आटू दे.
सात दिन. मंग बंद."

त्याच बाजारात एक जीप उभी असायची,
टपावर भोंगा: साखर मुळासकट! शंभर टक्के जडीबुटी! अपाय शून्य!
चमकदार पुडी. आत काय, त्यावर लिहिलेलं नाही.
आमच्या गल्लीतल्या भटू आप्पांनी तीन पुड्या घेतल्या,
गोळ्या कपाटात ठेवल्या.
दीड महिन्यानं अंगठ्याची जखम दाखवायला आले.
साखर निघाली चारशेवीस.
आकडासुद्धा कधी कधी थट्टा करतो.

मी रेमलीला सांगितलं. तिनं पान चघळत ऐकलं.
"अपाय नही म्हने?
जो इया बोट कापे नही, तो केयाना घड काय कापी?"

तर हा चहा.
दुपारी चारला शटर अर्धं ओढून
मागच्या फळीवर पातेलं ठेवायचं.
पाणी आधी गढूळ, मग तांबूस, तापीच्या नव्या पुरासारखं.
वर थोडं दूध, चिमूट साखर.
त्यानं रोग जातो, असं मी म्हणणार नाही.
तळपाय निवले हे खरं,
पण त्याच आठवड्यात वाराही फिरला होता.
जीभ गोड झाली, घसा मऊ झाला,
आणि दिवसातली ती दहा मिनिटं
कोणीच माझ्याकडे काही मागितलं नाही.
याचा हिशेब कुठल्या पत्रकात धरतात, ठाऊक नाही.

सातव्या दिवशी पेला धुतला, पालथा घातला.
आठव्या दिवशी चारला हात उगाच फळीकडे गेला.
सकाळची गोळी मात्र एकही चुकवली नाही.

भादव्यात पुन्हा गेले. गोणपाटावर फक्त सुंठ आणि हळकुंडं.
उपळसरी?
"आत्ते नही. येलले फूल लागेल शे."
एकच मुळी द्या की.
तिनं मान हलवली,
माझ्याकडे पाहिलं तसंच डोंगराकडे पाहिलं,
जणू त्यालाही विचारत होती,
काय चालू आहे, काय सोसेल.

मी सुंठ घेतली.
तिनं विचारलं, "कोणले?"