पुढचा पत्ता शून्य

दोनशे बारा बाइट्सची फाइल.
एसटीच्या तिकिटावर मावेल एवढा ऐवज.
तिनं आनंदवाडीच्या सोसायटीचं काउंटर
पहाटे पावणेसहाला बंद पाडलं.

पडद्यावर चूक नाही, लाल अक्षर नाही,
नुसतं गोल फिरणारं चक्र
आणि सारंगबाईंच्या टेबलाखालचा संगणक
उन्हातून धावून आलेल्या कुत्र्यासारखा धापा टाकतोय.
जेटीला एकोणतीस बोटी, टाक्या रिकाम्या.
आधी कालचा माग वाचायचा, मग डिझेलची चिठ्ठी,
असा नियम.
माग वाचणारी लायब्ररी माझी.

नऊ वर्षांपूर्वी लिहिली, जामसंड्याच्या भाड्याच्या खोलीत.
जीपीएसच्या डब्यांची भाषा कंपनी सांगत नव्हती,
म्हणून एकेक बाइट कोलंबीसारखा सोलत गेले
आणि सगळं उघड्यावर ठेवलं: घ्या, वापरा, बदला.
लोकांनी घेतली. कुठकुठल्या बंदरांत गेली, माहीत नाही.
आभाराची पत्रं तीन आली,
त्यातलं एक चुकून.

त्या फाइलींत प्रत्येक तुकडा शेवटी सांगतो,
पुढचा तुकडा इतक्या अंतरावर.
मी जाते. का जाऊ नये?
'सातेरी प्रसाद'ची बॅटरी रात्री वाघोटणच्या मुखाशी बसली,
लिहिता लिहिता डबा मेला,
शेवटचा आकडा भरायचा राहिला.
अंतर: शून्य.
म्हणजे पुढचा तुकडा इथेच.
आणि माझा कोड, आज्ञाधारक, इथे गेला,
इथून इथे, इथून इथे,
सेकंदाला नव्वद लाख वेळा पोचला
आणि दर वेळी समजला, आपण पुढे आलो.

याला सेवा नाकारणं म्हणतात.
कुणी नाकारली?
सारंगबाई तर खुर्चीतच होत्या, पेन उघडून.

भिकाजी कोयंडे खिडकीशी आला, टोपी हातात.
"बाय, माझ्या बोटीन काय केल्यान?"
काही नाही, म्हटलं. मी विश्वास ठेवला, तेवढंच.
बोटानं टेबलावर वर्तुळ काढून दाखवलं.
"म्हणजे चकवो," तो म्हणाला.
"आमच्या आबांका लागल्लो, तारामुंबरीच्या सड्यार.
रातभर चल्ले, फाटफटी बघतत तर
त्याच रातांब्याच्या बुडात."
मग?
"मग काय. चकवो लागलो काय चलाचा नाय.
बसाचा. इडी पेटवची.
उजाडला काय वाट आपसूक गावता."

तीन ओळी लिहिल्या.
पुढचा पत्ता आत्ताच्या पुढे नसेल, तर थांब.
वाचलंस तेवढं दे.
आणि सांग, यापुढचं दिसत नाही.
नऊ वर्षांत थांब हा शब्द
माझ्या कोडात कुठेच नव्हता.

सव्वादहाला चिठ्ठ्या सुटल्या.
तोवर ओहोटी लागलेली,
अकरा बोटी गाळात टेकून राहिल्या.
त्यांचा दिवस मला कुठल्याच ओळीत दुरुस्त करता आला नाही.

रात्री सूचना लिहायला बसले, सगळ्या बंदरांसाठी.
कुणी मुद्दाम अशी फाइल बनवली तर, असं लिहावं लागतं.
कडी लावा म्हणताना
कुठल्या दाराला कडी नाही तेही सांगावं लागतं,
आणि ऐकणाऱ्यांत सगळेच घरमालक नसतात.
अडीचपर्यंत बोट बटणावर.
मग दाबलं.

त्याआधी एक रकाना होता: कुणी शोधलं.
भिकाजीला फोन केला होता, तुमचं नाव घालू?
"माझा कित्या? बोटीचा घाल."

घातलं. आणि ती फाइल चाचण्यांच्या खणात ठेवली, तशीच, अर्धवट.
आता जगात कुठेही, कुणीही
माझ्या कोडाचा एक स्वल्पविराम जरी हलवला
तरी वाघोटणच्या मुखाशी ती रात्र पुन्हा होते,
बॅटरी बसते, डबा मरतो,
पुढचा पत्ता शून्य,

आणि कोड
तिथेच बसतो.