एकक

मोजो नदीच्या काठी शिफेरावचा चामड्याचा कारखाना:
सात माणसं, चार हौद, एक दमेकरी पंप.

अदिसच्या विद्यापीठातून त्सिगेरेदा आली,
तीन महिने नुसती सांडपाणी मोजत बसली.
तो वैतागला, "त्यात काय बघायचंय?"
"तुमचे पैसे.
निम्मं क्रोम नदीला फुकट पाजताय."

पाचवा हौद खणला. गाळ तळाशी, क्रोम परत कामाला.
पहिली खेप डागाळली.
आठवडाभर दोघं बोलले नाहीत.

कातडं मुरलं का,
हे तो अंगठा दाबून सांगतो.
तिचं यंत्र दोनदा चुकलं,
अंगठा अजून नाही.

म्हणून तिच्या तक्त्यात एक रकाना जास्त.
सरांनी लाल शाईत विचारलंय: एकक?
तिनं खाली लिहिलंय:
शिफेराव. उजवा.