विचारलंच नाही

वाल्दिव्हियात जुलै म्हणजे ऐन हिवाळा.
ओल्या सरपणाचा धूर नदीवर बसून राहतो
आणि खोकला घराघरांत मुक्कामाला येतो.

मी नोकरीला लागले तेव्हा
प्रयोगशाळेत काळ्या पडद्याआड एकच सूक्ष्मदर्शक.
एदेलमिरा त्याला डोळा लावून बसायची.
विषाणू असला की पेशी पेटायच्या
कच्च्या सफरचंदासारख्या हिरव्या.
"आहे गं," म्हणायची ती,
दारातला पाहुणा ओळखल्यागत.

नमुने यायचे ते तान्ह्यांचे.
म्हाताऱ्यांच्या नाकात काडी घालायला
वेळ कुणाला होता?
छातीच्या फोटोत ढग, शिरेतून प्रतिजैविक,
आणि फॉर्मवर "कारण" या शब्दापुढे
कोरी जागा.

मग ते वर्ष आलं.
काड्या संपल्या, नाकं संपेनात.
ट्रकवाले, जोगिणी,
कोरालचा एक कोळी तीनदा,
काही जण तर गेल्यानंतर.

आता वरून पत्र आलंय:
न्यूमोनियाच्या रुग्णांतल्या विषाणू-चाचण्या,
गेल्या पंधरा वर्षांचा कल कळवावा.
मी आलेख काढला.
जमिनीलगत सरपटणारी रेघ, मग उभा कडा,
मग हळूहळू पुन्हा उतार.
नवा डॉक्टर आन्सेल्मो म्हणाला,
"केवढे वाढले होते ना विषाणू! बरं झालं, ओसरले."
बाबा रे, म्हटलं,
ही रेघ त्यांची नाहीच.
ही आपण किती वेळा विचारलं, त्याची रेघ.

आणि परवा बारा नंबरच्या खाटेवर
एदेलमिरा.
एक्क्याऐंशी वर्षं, नाकात प्राणवायूची नळी,
फॉर्मवर चाचणीच्या चौकोनात खूण नाही.
"उपचार बदलणार नाहीत," आन्सेल्मो म्हणाला,
आणि तेही खरंच होतं. संच महाग आहे.
मी खूण केली. माझ्या अक्षरात, निळ्या पेनाने.

तासाभरात यंत्राने सांगितलं: मेटान्यूमोव्हायरस.
प्रतिजैविक तसंच ठिबकत राहिलं.

"हिरवं दिसलं का?" तिने विचारलं.
हिरवं नसतं आता, एदेलमिरा.
पडदाही काढला. आकडा येतो.

ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली,
बाहेर धूर, धुरात कुठलीशी बोट.
"मग तू," ती म्हणाली,
"बघतेस तरी काय दिवसभर?"