डाख

मार्च सरत आला तरी बर्फ गुडघाभर.
ओव्हिलाच्या मेपलच्या रानात
खोडांना टांगलेल्या बादल्या अधूनमधून बोलत होत्या.
टप्.
मग बराच वेळ काहीच नाही.
टप्.

मी तपासणीची कांडी ओली केली,
एका बादलीच्या शिवणीवर घासली
आणि अर्धा मिनिट थांबलो.
ओव्हिला माझ्या घड्याळाकडे बघत होता, कांडीकडे नाही.

कांडी गुलाबी झाली.

"हा डाख माझ्या बापानं दिलाय," तो म्हणाला,
"ह्याच चुलीपाशी बसून, एका हिवाळ्यात दोनशे बादल्या.
असा आता कुणाला जमतो?"
नाहीच जमत.
इतकी सरळ रेघ मला वेल्डिंगच्या शाळेतही
कुणी काढून दाखवली नव्हती.

शिसं कडू असतं तर सोपं होतं,
जिभेनंच थुंकून टाकलं असतं.
पण तेही गोडावर गोड होऊन बसतं,
आणि चाळीस बादल्या रस आटून एक बादली उरते
तेव्हा साखरेसारखं तेही दाटत जातं.
मी हे सगळं सांगणार होतो.
तेवढ्यात त्याची सून सोलांज दारात आली.
तिचं पोर बर्फावर ओतलेली गरम काकवी
काडीला गुंडाळून चाटत होतं.
ओव्हिलानं पोराकडे पाहिलं.
मी बोललो नाही.

दुपारी नवी कढई उतरवली.
त्यानं चुंबक लावून पाहिला, तो घसरून पडला.
"चिकटत नाही! लोखंड तरी आहे का हे?"
"चिकटत नाही तेच बरं. आता आत नख फिरवा.
जिथं नख अडकेल तिथं रस अडकेल,
अडकला की आंबेल."

हातमोजा काढून, वाकून,
तो सांध्यावरून नख नेत राहिला,
कोपरा, तळ, नळाचं तोंड.
"इथं."
तिथं मला काही दिसत नव्हतं.
मीही नख फिरवलं. होतं. केसाएवढं.

तासभर मी ते घासत होतो,
आणि तो कंदील धरून उभा,
दर पाच मिनिटांनी, "अजून."

निघताना पाहिलं,
बादल्या गोठ्यात पालथ्या रचलेल्या, बुडावर लाल फुली.
एक मात्र त्यानं काखेत धरली होती.

"खिळे ठेवायला," तो म्हणाला.
"खिळ्यांना चालतं ना?"