लांबोटीच्या अलीकडे

आठ महिने ऊन खाऊन
वायपरचं रबर पापडासारखं झालंय.
नरसय्या ते दोन बोटांनी मोडतो,
तुकडा माझ्या तळहातावर ठेवतो,
पुरावा म्हणून.

सोलापुरात कसली आलीय थंडी, मी म्हणते.
तो बॉनेटमध्ये डोकं घालून बोलतो :
"गाडीला नाय वाजत ओ म्याडम, ब्याटरीला वाजते.
पाचाला किल्ली फिरवा,
म्हाताऱ्यागत खोकंल
आन् परत झोपंल."

अशोक चौकामागच्या त्याच्या शेडला
लागूनच एक यंत्रमाग अजून चालतो.
बोलताना हा त्याच ठोक्यावर थांबतो,
त्याच्या लक्षातही येत नसावं.

टर्मिनलवरची हिरवी बुरशी
किटलीतल्या गरम पाण्यानं धुतो,
वर व्हॅसलीन फासतो,
नाइट ड्यूटीनंतर मी टाचांना फासते तेच.
मग कूलंटची टाकी उघडून वास घेतो.
"नळाचं ओतलाव व्हय?
चार दिवसाआड येतंय पाणी,
ते बी गाडीला पाजलाव?"

टायरची हवा. दिव्यांवर पिवळी फिल्म.
हिटरचं बटण पाच वर्षांत पहिल्यांदा फिरवलं
तर आतून आली
कुठल्यातरी मे महिन्याची धूळ
आणि लिंबाचं एक वाळकं पान.

भीती थंडीची नाहीच.
मोहोळला डायलिसिसची पहिली पाळी सहाला लागते,
आणि सीनेवर धुकं बसलेलं असतं,
आणि धुक्यात ऊस असतो.
म्हणजे ऊस दिसत नाही,
एक भिंत असते, दिवा नसलेली,
आपल्याच दिशेनं हळूहळू चाललेली.
गेल्या पौषात आमचा सिद्राम ब्रदर तिला भेटला.
त्याचं दुसरं हेल्मेट अजून लॉकरवर आहे.
साफसफाईवाल्या मावशी त्याच्या भोवतीनं पुसतात.

नरसय्यानं शेवटी लाल चमकपट्टीचं बंडल दिलं.
गाडीला दोन वीत लागली.
उरलेलीचं काय करू, विचारलं,
तर सुताच्या गुंत्याला हात पुसत
तो पुढच्या रिक्षाकडे गेला.

आज लांबोटीच्या अलीकडे
ट्रॉली कडेला उभी होती.
उसावर कुणीतरी झोपलेलं,
चादरीवरचा मोर तेवढा दिसत होता.
मी पिवळे दिवे चालू ठेवून उतरले.
फळी दवानं ओली, पट्टी धरेना.
ओढणीनं पुसली, पुन्हा पुसली.

"काय करलालाव ताई?"
ड्रायव्हर, हातात चहाचा कागदी कप.
काही नाही, म्हटलं.
तो बघत राहिला जरा वेळ.
कप चाकावर ठेवला,
बंडलाचं दुसरं टोक धरलं.

कात्री नव्हती.
त्यानं कोयत्यानं कापली.

पहिल्या पेशंटला सुई लागायला
साडेसहा वाजले.
गुंडप्पा काका कुरकुरले,
हात गार आहेत म्हणाले तुझे.