मध्यस्थ

समुद्र मी पाहिलेला नाही.
तापी तिकडे जाते, एवढं ठाऊक आहे,
आणि ती परत येऊन काही सांगत नाही.

चोपड्याच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या लांब खोलीत
एकवीस वर्षं मी बरण्या पुसतो.
मे महिन्यात पत्रा तापला की फॉर्मालिन आटतं,
झाकणाचं मेण सुटतं.
नाकाला रुमाल बांधून मी पुन्हा ओततो,
ज्याच्या त्याच्या डोक्यावरून जाईल इतकं.

तेविसाव्या बरणीत शंखात शिरलेला खेकडा आहे.
शंख त्याचा नाही, मेलेल्या गोगलगाईचा.
शंखावर एक समुद्रफूल, आता शिळ्या भातासारखं.
चिठ्ठीवरचं गाव पुसलंय, साल अर्धं उरलंय.
देवरे मॅडम सांगतात :
फूल डंख मारून राखण करतं,
खेकडा त्याला फिरवून आणतो, उष्टं देतो.
आणि खेकडा वाढला, शंख आवळायला लागला,
की नवा शंख शोधून
नांगीनं फुलाला हलकेच सोडवतो
आणि नव्या घरावर नेऊन बसवतो.

आम्ही भाड्याची खोली बदलली तेव्हा
कोकिळानं तुळशीची कुंडी मांडीवर घेतली होती.
कपाट मागाहून आलं.

भिला आप्पा माझ्या आधी इथे शिपाई होते.
मोतीबिंदू दोनदा काढला, तरी फक्त उजेड कळतो.
रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, रोज येतात,
बोटांनी बरण्या मोजतात. चुकत नाहीत.

एकदा मॅडमनी फळ्यावर झिंगा काढला,
वाळूत बीळ खोदणारा, जवळजवळ आंधळा.
बिळाच्या तोंडाशी चिमुकला मासा, पहाऱ्याला.
झिंगा बाहेर आला की मिशी
माशाच्या अंगावरून उचलत नाही.
माशाची शेपटी थरथरली
की दोघंही आत.

आप्पा दाराशी स्टुलावर बसून ऐकत होते.
म्हणाले, "हाई सोयरीक कोनी जमाडी व्हई?"
मॅडम हसल्या. कुणी नाही आप्पा,
लाखो वर्षं लागली, हळूहळू जमत गेलं.
आप्पांनी मान डोलावली, मग माझ्या कानाशी :
"मंग मुहूर्त लांबना, इतलंच."

बरेच दिवस ते डोक्यात राहिलं.
कपाशीवर मावा पडतो, मुंगळे त्याला राखतात,
त्याचा गोड चिकटा चाटतात.
तीही सोयरीकच,
आणि माझा भाऊ पाठीवर पंप घेऊन तिला शिव्या घालतो.
तीही त्यानंच जमवली असेल
तर तो नुसता आपल्या बाजूचा नाही.
मला हे आवडलं नाही. खोटंही वाटलं नाही.

तरी ती नांगी.
फाडायला दिलेल्या हत्याराला
इतकं हलकं व्हायला कोण शिकवतं?

आमच्याकडे लग्न जमवणारा माणूस
दोन गावांच्या मधे पायी हिंडतो,
इकडचं चांगलं तिकडे सांगतो,
आणि पंगत बसताना कुणाला त्याची आठवण झाली
तर मांडवाच्या दाराशी
त्याच्या चपला नसतात.

साडेपाचला मी कुलूप लावतो.
आप्पा दोन बोटं माझ्या खांद्यावर ठेवतात.
बसस्टँडकडून केळीचे ट्रक येतात.
मी थांबलो की ते थांबतात.
महादेवाच्या देवळापाशी मी हात जोडतो,
खांदा हलला तेवढ्यावरून
तेही जोडतात,
एकच हात. दुसरा
माझ्या खांद्यावरच असतो.